पोलादी पिस्तूल विकत घेताना: मालकांची मतं कशी चाळायची, पिस्तूल कसं तपासायचं

पोलादी फ्रेमचं (म्हणजे दस्ता आणि ट्रिगर ज्यात बसतात तो सांगाडा पोलादाचा असलेलं) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारं पिस्तूल घ्यायचं ठरवलं की नवखा माणूस आधी मतांच्या ढिगाखाली सापडतो. एक मालक छातीठोकपणे सांगतो, चेक बनावटीचं सीझेड ७५ घ्या, डोळे झाकून घ्या. दुसरा '१९११' या जुन्या अमेरिकी पिस्तुलाशिवाय बोलायलाच तयार नसतो. तिसरा म्हणतो, एवढं वजन कशाला वागवायचं, पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या फ्रेमचं घ्या आणि मोकळे व्हा. तिघंही खरंच बोलत असतात. फक्त तिघांचं काम वेगळं असतं, हाताची ठेवण वेगळी असते आणि आजवर झाडलेल्या गोळ्यांचा हिशेबही वेगळा असतो. म्हणून कुठलंही मत मनावर घेण्याआधी ते देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: किती गोळ्या झाडल्यात, कशासाठी वापरता, आणि आतलं काही बदललंय का? या तीन उत्तरांशिवाय आलेल्या मतावर पैसे लावू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

पहिली पायरी: परवाना आणि कॅलिबर

राहत्या देशाचा कायदा काय सांगतो ते आधी नीट समजून घ्या. परवाना, प्रशिक्षण, घरात ठेवण्याची सोय हे सगळं जागेवर असल्याशिवाय पिस्तूल निवडण्यात अर्थ नाही. कायद्यामुळे कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, हेही ठरून जातं. इटलीत कित्येक वर्षं ९×१९ मिमी काडतूस सामान्य नागरिकांना बंद होतं. त्यामुळे तिथल्या नेमबाजांसाठी ९×२१ मिमी काडतूस निघालं आणि त्याच कॅलिबरमध्ये चांगली पिस्तुलंही बनली. तेव्हा आधी कोणतं कॅलिबर चालतं ते बघा, मग त्याची काडतुसं नियमित मिळतात का ते बघा. सरावाला काडतुसं मिळत नसतील, तर उत्तमातलं उत्तम पिस्तूलही कपाटात पडून राहतं.

दुसरी पायरी: 'पोलादी' म्हणजे काय, हे नक्की करा

धातूचं दिसणारं प्रत्येक पिस्तूल पोलादी नसतं. बेरेटा ९२ आणि सिग पी२२६ यांची नेहमीची फ्रेम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, स्लाइड (गोळी सुटली की मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) आणि नळी पोलादाची. सीझेडच्या घराण्यातही ७५ बी पोलादी आहे, पण पी-०१ ची फ्रेम हलक्या मिश्रधातूची आहे. दुकानात शंका आली तर साधं लोहचुंबक फ्रेमला लावून बघा. पिस्तुलासाठी वापरतात ते स्टेनलेस पोलादही सहसा चुंबकाला धरतं, ॲल्युमिनियम धरत नाही.

पोलादाचा खरा फायदा वजनात आहे. रिकामं सीझेड ७५ साधारण एक किलोचं भरतं. जुन्या मापाचं १९११ सुमारे १.१ किलो. स्पर्धेसाठी बनवलेलं सीझेड शॅडो २ तर १.३३ किलोपर्यंत जातं. त्यांच्यापुढे पॉलिमर फ्रेमचं ग्लॉक १७ मॅगझीन (काडतुसांची पेटी) सोडून जेमतेम ६३० ग्रॅमचं. गोळी तीच, तिचा वेगही तोच, म्हणजे मागे येणारा जोर सगळीकडे सारखाच. पण पिस्तूल जितकं जड, तितकं ते सावकाश मागे येतं. नळीचं तोंड कमी उचललं जातं, माशी (नळीच्या टोकाकडचा नेम धरण्याचा खुंट) लवकर जागेवर येते आणि दुसरी गोळी पहिलीच्या जवळ लागते. नवख्याला हे एका मॅगझीनमध्येच कळतं. तासभर सराव झाल्यावर तर जास्तच, कारण धक्क्याच्या धास्तीनं डोळे मिटण्याची सवय अशा पिस्तुलावर सहसा लागत नाही.

याची दुसरी बाजूही तोलून बघा. नऊ मिमीचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं असतं. सोळा काडतुसांचं मॅगझीन भरलं की आणखी दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन चढतं. हे सगळं दिवसभर कमरेला वागवायचं असेल, तर पोलादी मोठं पिस्तूल घेऊ नका असंच मी सांगेन. रेंजवरचा सराव, स्पर्धा आणि घरची मालमत्ता म्हणून पिढ्यान्पिढ्या जपणं, यासाठी मात्र पोलादासारखं दुसरं काही नाही.

तिसरी पायरी: मालकांची मतं चाळा

नव्या मालकाचं मत बहुतेक वेळा रूपावर असतं. फिनिश किती सुंदर, ट्रिगर किती मऊ, हातात किती भरीव लागतं. हे खोटं नसतं, पण त्यातून पिस्तुलाची ओळख पटत नाही. काही हजार गोळ्या झाडलेला मालक स्प्रिंगबद्दल बोलू लागतो. त्याहून पुढे गेलेला माणूस एखाद्या नेमक्या भागाचं नाव घेतो, आणि कान द्यावा तो अशाच माणसाच्या बोलण्याकडे. सीझेड ७५ भरपूर वापरलेले लोक जवळपास एकमुखानं सांगतात, की जादा स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवून धरणारी कळ) घेऊन ठेवा. स्लाइड स्टॉपची पिन नळीखालच्या खाचेतून जाते, प्रत्येक गोळीचा मार खाते आणि खूप वापरानंतर तुटू शकते. भाग छोटा आणि बदलायला सोपा आहे, पण तो तुटला की त्या दिवसाचा सराव तिथेच संपतो. असं मत ऐकून पिस्तूल नापसंत करू नका, जादा भाग घेऊन ठेवा.

तक्रारींचंही तसंच. 'टोपी ठोकली जाते पण गोळी सुटत नाही' ही तक्रार (टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडातला ठिणगी देणारा भाग) ऐकली की लगेच विचारा, हॅमरची, म्हणजे मागच्या घोड्याची, स्प्रिंग बदललीय का? ट्रिगर हलका व्हावा म्हणून पुष्कळ मालक ती काढून कमी ताकदीची बसवतात. मग जाड टोपीच्या काडतुसांवर हॅमरचा मार कमी पडतो. दोष बदलाचा असतो आणि बोल लागतो कारखान्याला. '१९११ अडकतं' ही तक्रारही अशीच. कोणतं मॅगझीन होतं, गोळी गोल तोंडाची की पोकळ तोंडाची, एक्स्ट्रॅक्टरचा (झाडलेली रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा) ताण कधी तपासला होता, हे कळल्याशिवाय त्या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. १९११ मूळचं गोल तोंडाच्या लष्करी गोळीसाठी बनलं. आतला एक्स्ट्रॅक्टर स्वतःच एखाद्या पातळ स्प्रिंगसारखा वाकतो, आणि त्याचा ताण कमी-जास्त झाला की पुंगळी नीट बाहेर पडत नाही.

फोर्जिंग (तापवून ठोकून घडवणं), कास्टिंग (वितळवून साच्यात ओतणं) आणि एमआयएम, म्हणजे धातूची पूड साच्यात दाबून भाजून केलेले छोटे भाग, यावरून मालक हातघाईवर येतात. माझं मत सांगतो: फ्रेम आणि स्लाइड कशा बनल्या हे जरूर विचारा, पण उत्तरापेक्षा उष्णता-प्रक्रिया आणि मापांची शिस्त जास्त महत्त्वाची. चांगल्या कारखान्याची कास्ट फ्रेम आयुष्यभर टिकते. एमआयएमचा सिअर (चढवलेला हॅमर अडवून धरणारा भाग) किंवा सेफ्टीही नीट केलेली असेल तर त्रास देत नाही. हातात घेतल्यावर कडा धारदार, पृष्ठभाग ओबडधोबड आणि मशीनचे ओरखडे तसेच सोडलेले दिसले, तर कागदावर फोर्जिंग लिहिलेलं असूनही मी ते पिस्तूल खाली ठेवेन.

चौथी पायरी: कोणतं कोणासाठी

सीझेड ७५ चेकोस्लोव्हाकियात, उहेर्स्की ब्रोडच्या कारखान्यात जन्मलं. कोउत्स्की बंधूंनी ते घडवलं आणि १९७५ मध्ये ते जगासमोर आलं. याची स्लाइड फ्रेमच्या आतल्या बाजूनं धावते. ही रचना त्याआधी स्वित्झर्लंडच्या सिग पी२१० मध्ये होती, जे स्विस सैन्यानं १९४९ मध्ये घेतलं. आत धावणाऱ्या स्लाइडला लांब आधार मिळतो आणि नळीही हाताच्या जवळ, खाली बसते. पण बाहेर दिसणारी स्लाइड त्यामुळे अरुंद राहते. घामेजल्या किंवा कमी ताकदीच्या बोटांना ती ओढणं जड जातं, आणि बहुतेक मालक हे मोकळेपणानं कबूल करतात. दुकानात स्लाइड चार-पाच वेळा स्वतः ओढून बघा.

७५ बी मध्ये ट्रिगरची पहिली ओढ लांब आणि जड, पुढच्या सगळ्या आखूड आणि हलक्या. हॅमर चढवून सेफ्टी लावूनही ते ठेवता येतं. पण त्याला डिकॉकर नाही, म्हणजे भरलेल्या पिस्तुलाचा चढवलेला हॅमर अंगठ्यानं धरून हळूच खाली आणावा लागतो. नवख्याच्या हातून अंगठा निसटला तर गोळी सुटू शकते. हॅमर खाली ठेवूनच पिस्तूल वापरायचं असेल, तर डिकॉकर असलेलं ७५ बीडी घ्या. या एका मुद्द्यावर मी कुणाचंही उलट मत ऐकून घेणार नाही.

१९११ हे अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचं. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्यानं ते स्वीकारलं आणि १९८५ मध्ये त्याची जागा बेरेटानं घेतली. त्याचा ट्रिगर सरळ मागे सरकतो, कोनात फिरत नाही. ती आखूड, स्वच्छ ओढ एकदा बोटाला कळली की बाकीचे ट्रिगर ढिसाळ वाटतात, असं मालक म्हणतात आणि मला ते पटतं. पण हे पिस्तूल मालकाकडून शिकण्याची अपेक्षा ठेवतं. स्प्रिंगचा ताण, एक्स्ट्रॅक्टर, मॅगझीनचे ओठ हे सगळं समजून घ्यायची आवड असेल तरच पहिलं पिस्तूल म्हणून १९११ घ्या.

ब्राउनिंग हाय-पॉवर ब्राउनिंगच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या एफएन कारखान्यात द्यूदोने सेव्हनं पूर्ण केलं, १९३५ मध्ये. हातात इतकं बरोबर बसणारं पिस्तूल क्वचितच सापडतं. जुन्या नमुन्यांच्या दोन खोडी मात्र जाणून घ्या. मॅगझीन काढलं की ट्रिगर चालत नाही, त्यामुळे ट्रिगर तपासायचा तर रिकामं मॅगझीन आत घालावं लागतं. आणि गोल हॅमर काही जणांच्या अंगठा-तर्जनीमधल्या कातडीला चावतो.

स्पर्धाच डोक्यात असेल तर शॅडो २ च्या मालकांना गाठा. त्यांच्याकडे गोळ्यांचे आकडे मोठे असतात, आणि बहुतेकजण नोंदवहीही ठेवतात.

पाचवी पायरी: हातात घेऊन बघा

पिस्तूल हातात आलं की आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड ओढून धरा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) डोळ्यानं बघा आणि बोटानंही चाचपा. क्रम हाच. मॅगझीन आत असताना स्लाइड आधी ओढलीत, तर एक काडतूस बाहेर पडतं, पण मॅगझीनमधलं दुसरं आत जाऊन बसतं आणि पिस्तूल रिकामं झाल्याचा भास होतो. विक्रेत्यानं तपासून दिलं असलं तरी तुम्ही पुन्हा तपासा. तो रागावणार नाही, उलट तुमच्याशी नीट बोलू लागेल.

आता पकड. अंगठा आणि तर्जनीमधला खळगा दस्त्याच्या वरच्या टोकाला घट्ट बसू द्या. नळी हाताच्या कोपरापर्यंतच्या रेषेत आली पाहिजे. अशा पकडीत बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचतं का? हॅमर खाली असताना ट्रिगर बराच पुढे असतो, म्हणून लहान हाताच्या माणसानं हे हॅमर खाली ठेवूनच बघायचं. पोचण्यासाठी पकड वळवावी लागली, तर त्या पिस्तुलावर नेम कायम एका बाजूला जाणार. दस्त्याच्या पट्ट्या पातळ घालून थोडा फरक पडतो, फार नाही.

रिकाम्या पिस्तुलाचा चाप, म्हणजे ट्रिगर, ओढून बघायला आधी परवानगी मागा. ७५ बी वर तर डमी काडतूस घालूनच तो ओढावा, कारण फायरिंग पिनला (टोपीवर आदळणाऱ्या सुईला) अडवणारी आडवी पिन रिकाम्या ठोक्यांनी झिजते आणि तुटू शकते.

सहावी पायरी: वापरलेलं पिस्तूल घेताना

वापरलेल्या पोलादी पिस्तुलात चांगला सौदा मिळू शकतो, कारण पोलाद झिजलं तर दिसतं. पुढच्या सगळ्या तपासण्या पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवूनच करायच्या.

आधी क्रमांक. फ्रेम, स्लाइड आणि नळीवर ते असतील तर जुळतात का बघा. क्रमांक खरवडलेला, पुसट किंवा पुन्हा ठोकल्यासारखा दिसला, तर बोलणी तिथेच थांबवा. तसं पिस्तूल जवळ बाळगणं हा गुन्हा ठरू शकतो.

मग पिस्तूल हलवून बघा. स्लाइड थोडी खडखडली की नवखे घाबरतात. स्लाइड आणि फ्रेममधली थोडी सैल बसणी अचूकतेला फारशी मारक नसते, कारण साईट स्लाइडवर असतात आणि नळीही स्लाइडमध्येच अडकते. महत्त्वाची आहे ती नळी आणि स्लाइडची बसणी. स्लाइड बंद असताना चेंबरच्या वरच्या भागावर अंगठा दाबा. नळी खाली लवता कामा नये.

ट्रिगरच्या तपासण्या दोन. हॅमर चढवा, सेफ्टी लावा, चाप जोरानं ओढा, सोडा, आता सेफ्टी काढा. या सगळ्यात हॅमर जरासुद्धा हलू नये. मग हॅमर चढवून चाप ओढा आणि ओढलेलाच धरून ठेवा, स्लाइड पूर्ण मागे नेऊन सोडा. हॅमर वरच राहिला पाहिजे. चाप सावकाश सोडताना बारीक 'टिक' ऐकू येते आणि बोटालाही जाणवते. स्लाइड पुढे येताच हॅमर पाठोपाठ खाली आला, तर सिअरवर कुणीतरी कानस चालवलेली आहे असं धरून चाला. असं पिस्तूल कारागिराकडे जाईपर्यंत भरायचं नाही.

आता पिस्तूल उघडा. सीझेडमध्ये स्लाइड थोडी मागे घेऊन फ्रेम आणि स्लाइडवरच्या दोन रेघा जुळवायच्या, उजवीकडून स्लाइड स्टॉप ढकलून काढायचा, की स्लाइड पुढून निघते. फ्रेमच्या खाचांवर बोट फिरवा. एकसारखी गुळगुळीत चकाकी म्हणजे निरोगी झीज. एका जागी खरबरीत ओरखडे, धातू उकरल्यासारखा लागत असेल, तर तेलाविना वापर झालाय. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं तर हे लवकर होतं, म्हणून त्या पिस्तुलांना पातळ तेलापेक्षा थोडं ग्रीस बरं. फ्रेमच्या कोपऱ्यांत आणि स्लाइड स्टॉपच्या छिद्राभोवती भिंग धरून तडा शोधा. नळीतून उजेडाकडे बघा: कडांचे पीळ स्पष्ट हवेत. आत कुठे अंधुक गोल कडं दिसलं तर नळी फुगलेली आहे. नळी अडलेली असताना गोळी झाडल्याची ती खूण असते.

१९११ वर स्लाइड स्टॉपच्या खाली कमानीसारखा एक ओरखडा नेहमी दिसतो. घाईनं जोडताना तो पडतो, पिस्तुलाला त्यानं काही होत नाही, आणि किंमत उतरवायला बरा. अक्षरांच्या कडा बोथट आणि छिद्रांचे काठ गोल झालेले दिसले, तर पिस्तूल घासून पुन्हा रंगवलेलं आहे. वापरायला घेत असाल तर हरकत नाही, संग्रहासाठी असेल तर घेऊ नका.

सातवी पायरी: पहिल्या काहीशे गोळ्या

नवं पिस्तूल आणलं की आधी उघडून पुसा. कारखान्याचा जाड थर गंज रोखण्यासाठी असतो, चालवण्यासाठी नाही. खाचांना, नळीच्या बाहेरच्या भागाला आणि हॅमरच्या सांध्याला हलकं तेल द्या.

सुरुवातीला एकच साधी, पूर्ण आवरणाची गोळी वापरा. नऊ मिमीमध्ये ११५ किंवा १२४ ग्रेन, म्हणजे साधारण साडेसात ते आठ ग्रॅम. घट्ट बसणीची पोलादी पिस्तुलं सुरुवातीला एखाद-दुसऱ्या वेळी अडखळतात आणि मग सुरळीत चालतात. प्रत्येक मॅगझीनच्या तळाला रंगानं क्रमांक घाला आणि अडकलं की तो क्रमांक वहीत लिहा. सगळ्या अडचणी दोन नंबरच्या मॅगझीनवर येत असतील, तर पिस्तूल दुरुस्तीला पाठवायची गरज नाही, मॅगझीन बदला. ही सवय लागली की पुढे कुणी तुमचं मत विचारलं तरी हातात खरे आकडे असतात.

या काळात एकही स्प्रिंग बदलू नका, ट्रिगरला हात लावू नका. आधी कारखान्यातून आलेलं पिस्तूल कसं चालतं ते तर कळू द्या.

आठवी पायरी: तेल, स्प्रिंग आणि कपाट

पोलादाचा शत्रू घाम. निळसर ब्लूइंग दिसायला सर्वांत देखणं, पण गंजापासून सर्वांत कमी वाचवतं. सीझेडचा काळा पॉलिमर लेप जास्त सोशीक, हार्ड क्रोम त्याहून बरं, आणि स्टेनलेसही गंजतच नाही असं समजू नका. सराव संपला की पुसून, तेलाचा हलका हात फिरवूनच ठेवायचं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये कधीच साठवू नका. कमावलेल्या चामड्यातली रसायनं आणि त्यात धरलेला ओलावा पोलादाला खातात. फोमच्या पेटीचंही तेच, वाहून न्यायला ठीक, महिनोन्महिने ठेवायला नाही. कुलपाच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, मोकळं ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. घरात मुलं असोत वा नसोत, यात सूट नाही.

रिकॉइल स्प्रिंग काही हजार गोळ्यांनी बदला, नेमका आकडा पिस्तुलाच्या पुस्तिकेत बघा. पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब फेकल्या जाऊ लागल्या, किंवा स्लाइड मागे आदळल्याचा आवाज कडक वाटू लागला, की वेळ झाली समजा. १९११ ची स्प्रिंग काढताना पुढची टोपी उडून थेट डोळ्यावर येऊ शकते, तेव्हा चष्मा लावा आणि टोपीवर अंगठा घट्ट ठेवा. सीझेड असेल तर तो जादा स्लाइड स्टॉप याच कपाटात ठेवा, आणि स्पर्धेला जाताना पिस्तुलाबरोबर पिशवीत टाका.